बँकॉकला जाऊन पनीर मखनी कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर 2023 पासून भारतीय प्रवाशांना थायलंडला व्हिसाविना जाता येऊ लागले आणि पुण्या-मुंबईकडच्या मध्यमवर्गीय घरांतून सुट्टीसाठी बँकॉक-पट्टायाचा बेत सर्रास ठरू लागला. आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत या सहलींच्या ज्या जाहिराती येतात, त्यांत राजवाडा, कोरल बेट आणि सफारी यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांहून ठळक अक्षरांत, 'सर्व जेवणे भारतीय' अशी हमी दिलेली असते. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे बँकॉकमध्ये काढली आणि त्यानंतरही माझे तेथे जाणे-येणे राहिले, म्हणून या हमीविषयी थोडे लिहावेसे वाटते. ती खोटी असते असे माझे म्हणणे नाही. ती तंतोतंत पाळली जाते, हीच माझी तक्रार आहे.

दुपारी साडेबाराच्या सुमारास बस एखाद्या हॉटेलापाशी थांबते, मंडळी रांगेने आत जातात, पनीर मखनी, दाल, जिरा राईस, पापड आणि गुलाबजाम ताटात घेतात आणि अर्ध्या तासात पुन्हा बसमध्ये बसतात. ज्येष्ठ नागरिकांना, लहान मुलांना आणि पथ्य असणाऱ्यांना याचा मोठा आधार असतो, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र धडधाकट, चवीढवीने खाणारी आणि एरवी नव्या हॉटेलाच्या शोधात शहर पालथे घालणारी माणसेही सहा दिवसांच्या सहलीत एकदाही थायी जेवणाच्या वाटेला जात नाहीत आणि परत आल्यावर 'तिकडे खाण्याचे फार हाल' असे सांगतात, तेव्हा नवल वाटते. ज्या शहरात दर शंभर पावलांवर कोणीतरी परतत, भाजत, उकडत किंवा कुटत बसलेले असते, त्या शहरात खाण्याचे हाल होण्यासाठी मुद्दाम कष्टच घ्यावे लागतात.

जे हौसेने रस्त्यावर उतरतात, त्यांचीही पुष्कळदा निराशा होते आणि त्याचे कारण वेगळे आहे. पर्यटक एकटा किंवा दुकटा जातो, चित्र पाहून एखादी बशी मागवतो, ती फार आंबट, फार गोड किंवा फार जहाल निघते, आणि थायी जेवण आपल्याला मानवत नाही असा निष्कर्ष निघतो. वास्तविक नूडल्स किंवा परतलेला भात अशा एका ताटलीत संपणाऱ्या पदार्थांचा अपवाद सोडला, तर थायी जेवणाची मांडणीच मुळी चार-पाच जणांसाठी केलेली असते. प्रत्येकाच्या पुढे फक्त भात असतो. बाकीचे सगळे पदार्थ मधोमध ठेवतात आणि जो तो त्यातला एका वेळी एक-दोन चमचेच आपल्या भातावर घेतो, ते संपल्यावर दुसऱ्या पदार्थाकडे वळतो. एक पदार्थ जाळ काढणारा असेल तर दुसरा अळणीच्या जवळ जाणारा मागवतात, आंबटाच्या शेजारी नारळाच्या दुधातले काहीतरी असते आणि सोबत कच्च्या भाज्या असतात. चव ही अशी संपूर्ण मेजावर वाटलेली असते, त्यामुळे त्यातली एकच बशी उचलून एकट्याने संपवणाऱ्याला तिचा एकांगीपणा जाणवला तर त्यात स्वयंपाक करणाऱ्याचा दोष नाही. आणि खर्च कमी होतो तोही यामुळेच, कारण चौघांना पाच पदार्थ पुरतात.

हे कोठे अनुभवावे, असे विचारणाऱ्यांना मी नेहमी वांग लांग बाजाराचे नाव सांगतो. बँकॉकची प्रत्येक सहल राजवाड्यात जातेच. तेथून बाहेर पडल्यावर ता चांगचा धक्का पायी काही मिनिटांवर आहे आणि या भागातून चाओ फ्राया नदी ओलांडणाऱ्या बोटी अवघ्या काही बाटांत (बाट हे थायी चलन) पलीकडच्या तीरावर नेऊन सोडतात. पलीकडे सिरिराज रुग्णालय आहे. ते 1888 मध्ये सुरू झाले आणि थायलंडमधील सर्वांत जुने रुग्णालय म्हणून ओळखले जाते. त्याला लागूनच असलेल्या अरुंद गल्ल्यांत हा बाजार भरतो आणि दुपारी तेथे जेवायला येणाऱ्यांत परिचारिका, वैद्यकीय विद्यार्थी, रुग्णांचे नातेवाईक आणि आसपासच्या कार्यालयांतले कारकून यांचा भरणा असतो. रोज तेथेच जेवणारे गिऱ्हाईक असल्यामुळे भाव चढे ठेवून किंवा शिळे खपवून विक्रेत्याचे चालण्यासारखे नसते. बारा वाजले की बसायला जागा मिळणे कठीण होते, म्हणून साडेअकरालाच पोहोचावे. दीड-दोननंतर चांगल्या गाड्यांवरचे जिन्नस संपत आलेले असतात.

पहिल्या जेवणासाठी ईसान पद्धतीची गाडी निवडावी. ईसान म्हणजे लाओसला लागून असलेला ईशान्य थायलंड. तेथील कोरडवाहू, गरीब भागातून लाखो माणसे बँकॉकला बांधकामावर, कारखान्यांत आणि टॅक्सीवर काम करायला आली आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे जेवणही आले. राजधानीतल्या उच्चभ्रूंनी सुरुवातीला नाके मुरडलेले हे खाणे आज त्याच उच्चभ्रूंच्या मेजावर असते. गाडी ओळखणे सोपे आहे, कारण लांबूनच खलबत्त्याचा ठोक-ठोक आवाज येतो. उखळी मातीची, उंच आणि खोलगट असते आणि बत्ता लाकडी असतो. सोम तम, म्हणजे हिरव्या पपईचा चेचलेला पदार्थ, करणारी बाई आधी लसणीच्या पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढ्या मिरच्या त्यात टाकून ठेचते. मिरच्या किती, हे ती गिऱ्हाइकाला विचारते आणि या प्रश्नाचे उत्तर देताना कोल्हापूर-नागपूरचा अभिमान बाजूला ठेवलेला बरा. मग ताडगूळ, लिंबू, नाम प्ला म्हणजे माशाचा खारट अर्क, वालीच्या हिरव्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, भाजलेले शेंगदाणे आणि सुकी कोळंबी, म्हणजे कोकणातल्या वाचकांना सांगायचे तर सोडे, हे सगळे आत जाते. हिरवी पपई ती किसणीवर किसत नाही. डाव्या हातात फळ धरून उजव्या हातातल्या सुरीने त्यावर उभे वार करते आणि वरचा थर तासून काढते, त्यामुळे लांब, असमान आणि कुरकुरीत काड्या पडतात. त्यानंतर एका हाताने बत्ता चालवीत आणि दुसऱ्या हातातल्या मोठ्या चमच्याने खालचे वर करीत ती दोन मिनिटांत सगळे एकजीव करते. यात कुटणे कमी आणि चेचणे जास्त असते. पपईचा लगदा झाला तर पदार्थ फसला. दाण्याचे कूट घातलेल्या आपल्या कोशिंबिरीच्या वळणाचा हा पदार्थ मराठी जिभेला परका वाटण्याचे काहीच कारण नाही.

त्याच्यासोबत कोळशावर भाजलेली कोंबडी, म्हणजे गाय यांग (थायी भाषेत 'गाय' म्हणजे कोंबडी), आणि लाप मागवावे. लाप म्हणजे खिमा, त्यावर लिंबू, पुदिना, छोटे कांदे, मिरचीपूड आणि भाजून कुटलेल्या तांदळाची भरड; ही भरडच त्याचा प्राण आहे. भात मात्र नेहमीचा न घेता चिकट घ्यावा. तांदूळ रात्रभर भिजवून वाफेवर शिजवतात आणि झाकणाच्या लहानशा बांबूच्या टोपलीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत देतात. एरवी थायी माणूस उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा घेऊन जेवतो, चॉपस्टिक केवळ नूडल्ससाठी वापरतो. पण हा भात खाताना तोही हातच वापरतो. बोटांनी चिमूटभर भात घ्यायचा, त्याची गोळी वळायची, ती लापमध्ये किंवा सोम तमच्या रसात दाबायची आणि तोंडात टाकायची. परदेशात हाताने जेवायला लाजणाऱ्या आपल्या मंडळींना येथे कोणाकडे चोरून पाहावे लागत नाही. बशीच्या कडेला कोबीची फोड, वालीच्या शेंगा आणि तुळशीच्या जातीचा पाला ठेवलेला असतो. तो शोभेसाठी नसून तोंडातली आग विझवण्यासाठी असतो आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

आता खर्चाविषयी. सोम तमची बशी पन्नास-साठ बाट, अर्धी कोंबडी शंभराच्या आसपास, लाप साठ-सत्तर आणि चिकट भाताची एक वाटणी दहा-पंधरा बाट, असे साधारण भाव अशा गाड्यांवर असतात. यात एखादे सूप वाढवले तरी चौघांचे जेवण साडेतीनशे ते चारशे बाटांत उरकते. बाटाचा भाव अलीकडे अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान असल्याने माणशी अडीचशे-पावणेतीनशे रुपये पडतात. त्याच दिवशी सकाळी राजवाड्यात शिरताना परदेशी प्रवाशाला एकट्याच्या तिकिटाचे 500 बाट मोजावे लागतात, म्हणजे चौघे पोटभर जेवूनही त्या एका तिकिटाइतका खर्च होत नाही. स्थानिक लोक भ्रमणध्वनीवरून पैसे देतात, आपण मात्र वीस आणि शंभरच्या नोटा जवळ ठेवाव्यात.

येथे थोडे विषयांतर होईल, पण ते जेवणाशीच निगडित आहे. मिरची, पपई, टोमॅटो आणि शेंगदाणा हे सोम तमचे चारही आधारस्तंभ मूळचे अमेरिका खंडातले. अल्फोन्सो द अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा जिंकले, पुढच्याच वर्षी मलाक्का घेतले आणि तेथूनच आपला दूत सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, तेव्हाची राजधानी असलेल्या अयुथयाच्या राजाकडे पाठवला. ज्या पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली, त्याच वाटेने ती सयामलाही पोहोचली. उलट क्रफाव या नावाने कोंबडीच्या खिम्यात परतली जाणारी पाने मात्र अस्सल तुळशीची, आपल्या वृंदावनातल्या तुळशीच्याच जातीची असतात. आपल्याकडे हे ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. वासाने मात्र त्यांना घराची आठवण होईल.

स्वच्छतेची शंका रास्त आहे आणि तिची थट्टा करू नये. गाडीवर गर्दी आहे का, पदार्थ आपल्यासमोर शिजतो आहे का आणि भांडी धुण्याचे पाणी कसे आहे, एवढे तिघांनी तीन बाजूंनी पाहिले तर बहुतेक प्रश्न सुटतात. पेयात घालतात तो मधोमध भोक असलेला नळीच्या आकाराचा बर्फ कारखान्यात तयार झालेला असतो, तो चालतो. लादी फोडून केलेला चुरा टाळावा. आपल्या लोकांची त्याहून मोठी अडचण उष्ट्याची असते. एकाच वाडग्यात चौघांचे चमचे जाणार ही कल्पना पुष्कळांना सहन होत नाही आणि खरे सांगायचे तर ती थायी आरोग्य खात्यालाही पसंत नाही. गरम खा, मधला चमचा वापरा आणि हात धुवा, ही त्या खात्याची फार जुनी मोहीम आहे आणि करोनाच्या साथीनंतर तर प्रत्येक वाडग्यात वेगळा वाढण्याचा चमचा ठेवणे बऱ्यापैकी रूढ झाले आहे. तो दिसला नाही तर 'छोन क्लांग' एवढे म्हटले की आणून देतात. ज्यांना रस्त्यावर बसणे नकोच वाटते, त्यांनी अशोक स्थानकाजवळच्या टर्मिनल 21 या मॉलमधल्या खाद्यदालनात जावे. तेथे आधी पैसे भरून कार्ड घ्यायचे, प्रत्येकाने वेगवेगळ्या खिडकीवरून एकेक पदार्थ आणून मेजावर मधोमध ठेवायचा आणि उरलेले पैसे जाताना परत घ्यायचे. थंडगार हवेत आणि रस्त्याच्याच भावात ही सोय होते.

शाकाहाऱ्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि सहल आयोजक भारतीय जेवणाचा आग्रह धरतात तो मुख्यतः त्यांच्यासाठीच, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. भाजीची बशी मागितली तरी तिच्यात नाम प्ला असू शकते, आमटीसारख्या दिसणाऱ्या रश्श्याच्या वाटणात कोळंबीचा खारवलेला गोळा असतो आणि केवळ 'मांस नको' असे सांगितल्याने यातले काहीच टळत नाही. यावर थायलंडमध्येच उपाय आहे आणि तो आपल्या चातुर्मासाला शोभणारा आहे. चिनी वंशाच्या बौद्धांच्या परंपरेतून आलेल्या 'जे' आहारात मांस, मासे, अंडी आणि दूध तर वर्ज्य असतेच, शिवाय कांदा-लसूणही चालत नाही. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरे, ही अशा दुकानाची खूण. काउंटरवर टोफू, अळिंबी, सोयाबीन आणि पालेभाज्यांचे दहा-पंधरा पदार्थ मांडलेले असतात. बोट दाखवून चार निवडावेत, वेगवेगळ्या वाडग्यांत मागावेत आणि भात चार घ्यावेत. जैन कुटुंबांनीही हे पर्याय पाहावेत; बटाटा किंवा इतर कंद तेवढे नजरेने टाळावे लागतील. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या आरंभी नऊ दिवस 'जे' व्रताचा मोठा उत्सव असतो आणि बहुतेक वर्षी तो आपल्या शारदीय नवरात्राच्या आगेमागेच येतो. 2024 मध्ये तर दोन्हींचा आरंभ 3 ऑक्टोबरलाच झाला होता. त्या नऊ दिवसांत याओवारात, म्हणजे बँकॉकची चिनी वस्ती, पिवळ्या पताकांनी भरून जाते आणि एरवी डुकराचे मांस विकणाऱ्या कित्येक गाड्याही 'जे' पदार्थ करू लागतात. शाकाहारी मराठी माणसाने बँकॉकला जायचे तर हेच दिवस निवडावेत, असे मी परिचितांना सांगत असतो. गोमांसाचा विधिनिषेध पाळणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती: गुआन यिन देवीला मानणारे अनेक थायी-चिनी लोक गोमांस खात नाहीत, त्यामुळे 'गोमांस नको' असे सांगणारा माणूस तेथील विक्रेत्याला अजिबात विचित्र वाटत नाही. विजय स्मारकाजवळच्या छोट्या वाडग्यांतल्या होडीवाल्या नूडल्स मात्र अशांनी टाळाव्यात. त्यांचा रस्सा दाट करण्यासाठी बहुधा डुकराचे किंवा गाईचे रक्त वापरतात.

माध्यमांतून बँकॉकच्या रस्त्यावरील खाण्याचे जे वर्णन येते, ते अलीकडे फार करून डोळ्यांना गॉगल लावून कोळशाच्या शेगडीपुढे उभ्या राहणाऱ्या जे फाय यांच्याभोवती फिरते. डिसेंबर 2017 मध्ये मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीची, उपाहारगृहांना तारे देणारी मार्गदर्शिका बँकॉकसाठी पहिल्यांदा निघाली तेव्हा त्यांच्या दुकानाला एक तारा मिळाला आणि त्यांच्या खेकड्याच्या ऑम्लेटची कीर्ती जगभर गेली. त्यांचे कर्तृत्व मोठे आहे; परंतु हजार बाटांहून अधिक किमतीच्या त्या ऑम्लेटसाठी तासन्‌तास रांगेत उभे राहणे आणि मी म्हणतो ते स्वस्तातले सामायिक जेवण, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. थायी लोकांना आपल्या गाड्यांचे मोल कळण्यासाठी फ्रेंच टायर कंपनीची वाट पाहावी लागली नव्हती. थानाद्सरी स्वस्ती या राजघराण्याशी नाते असलेल्या खवय्याने 1961 पासूनच 'शेल चुआन चिम' या नावाने साध्यासुध्या दुकानांना शिफारस देण्याची प्रथा पाडली होती. त्या शिफारशीची, वाडग्याचे चित्र असलेली जुनी पाटी अजूनही काही भिंतींवर दिसते, आणि दिसली तर आत जाण्यास हरकत नाही.

हे जेवण स्वस्त राहते यामागे विक्रेत्याला पदपथावर मिळणारी जागा आहे, हेही लक्षात घ्यावे लागते. शहरात भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या असंख्य कष्टकऱ्यांकडे स्वयंपाकघरच नसते. त्यांचे दोन्ही वेळचे जेवण गाडीवर किंवा रबर लावून बांधून दिलेल्या पिशवीतून होते. 2014 नंतर बँकॉक महानगर प्रशासनाने पदपथ मोकळे करण्याची मोहीम हाती घेतली, अनेक जुने ठेले उठले, आणि 2017 मध्ये सरसकट बंदी येणार अशा बातम्यांनी जगभर ओरड झाल्यावर याओवारात आणि खाओ सान येथील गाड्या राहतील असा खुलासा झाला. पर्यटकांच्या दोन रस्त्यांना अभय मिळाले, पण परिचारिका आणि कारकून जेथे जेवतात त्या गल्ल्यांचे काय, हा प्रश्न तेव्हा तेथील वर्तमानपत्रांत विचारला जात होता. 2014 चाच आपला पथविक्रेता कायदा आणि त्यानंतरची मुंबई-पुण्यातली फेरीवाल्यांची फरफट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

सहल आयोजकांना या पत्राद्वारे एकच सुचवायचे आहे. सहा दिवसांतले निदान एक दुपारचे जेवण, शक्यतो राजवाडा पाहण्याच्या दिवसाचे, कार्यक्रमपत्रिकेतून वगळावे, त्याचे पैसे सहलीच्या शुल्कातून कमी करावेत आणि ज्यांना हवे त्यांना चार-चार जणांच्या गटाने दोन तास मोकळे सोडावे. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी नेहमीचे हॉटेल आहेच. 'जे', 'माय साय नाम प्ला' म्हणजे माशाचा अर्क घालू नका, 'माय फेत' म्हणजे तिखट नको, आणि 'छोन क्लांग', ही चार वाक्ये थायी लिपीत छापलेली एक चिठ्ठी प्रत्येकाच्या हाती दिली तर दुभाष्याचीही गरज पडणार नाही. आपल्या पर्यटन पुरवणीने जाहिरातींच्या शेजारी ही चिठ्ठी छापण्याचे मनावर घेतले, तर मजकूर मराठी अर्थासह पाठवून देण्याची माझी तयारी आहे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे